पुरावा गडचिरोलीचा, फेऱ्या कराडच्या

कराड तालुक्यात बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशाताईंनी बाळाला पाहायला यायचं, वजन करायचं, ताप पाहायचा, असा नियम आहे. देशभर तो २०११ साली लागू झाला, पण त्यामागचं शास्त्र गडचिरोलीतल्या खेड्यांत उभं राहिलं. नागपूरला एम.डी. आणि जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले डॉ. अभय बंग आरोग्य खात्याच्या संचालकपदावर कधी बसले नाहीत. तरीही देशाचं धोरण त्यांच्यामुळे बदललं, कारण डॉ. राणी बंग यांच्यासह त्यांनी उपचारांइतकीच मोजणीही नेटाने केली. न्यूमोनिया ओळखायला अडाणी सुईणींसाठी बनवलेलं त्यांचं साधनच पाहा. मिनिटाची वाळू पडू लागली की दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला, तर बाळाला न्यूमोनिया. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित बायांनी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, जंतुसंसर्ग झालेल्यांना इंजेक्शनही दिलं, आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

कमी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन कसं द्यायचं, हा आक्षेप रास्तच होता. पण जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले शेकडा १६.६ मृत्यू याच उपचारांनी २.८ वर आले, आणि त्या गावांत डॉक्टर मुळात नव्हताच. राष्ट्रीय कार्यक्रमाने फेऱ्या घेतल्या, इंजेक्शन मात्र आशांच्या हाती दिलं नाही. माझ्या मते दुर्गम भागापुरती ही सावधगिरी महागात पडते. कराडला कृष्णा रुग्णालय आहे, वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे, मग इथे घरोघरच्या फेऱ्या कशाला, असंही कुणी विचारेल. पण रुग्णालयातला मुक्काम थोड्या दिवसांचा आणि नवजात बाळाचा धोका पहिल्या २८ दिवसांचा. दूध ओढेनासं झालेलं, गार पडलेलं बाळ आधी घरातच दिसतं. त्यातही ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेली बाळंतीण फडाजवळच्या कोपीत असते आणि तिची नोंद मात्र गावाकडच्या आशाकडे. कारखान्यांनी आपल्याकडच्या टोळ्यांतल्या गरोदर बायांची यादी हंगामाच्या सुरुवातीलाच प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी, म्हणजे या फेऱ्या कोपीपर्यंतही पोचतील.