मोटारसायकलीच्या रंगावर कोटिंग : पैसा कारणी लागतो का?



ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की आपल्या भागात दुचाकीच्या शोरूमपुढे गर्दी होते. गाडीची किंमत ठरते, विमा होतो, आणि शेवटी टेबलामागचा मुलगा विचारतो, "काका, सिरॅमिक कोटिंग मारून देऊ का? पाच वर्षं रंगाकडं बघायचं काम नाही." काका लेकाकडे बघतात, लेक मान डोलावतो आणि बिलात काही हजार रुपये वाढतात. लागणीच्या नि खताच्या प्रश्नांबरोबर हाही प्रश्न हल्ली गावोगावच्या बैठकांत आम्हाला विचारला जातो. आम्ही शेतकी विभागाची माणसे ऊसनोंद, पाहणी आणि तोडणी कार्यक्रमासाठी बारा महिने फटफटीवरच असतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर इथे सविस्तर देत आहोत.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली मुले तिथल्या वसाहतीत कामाला गेली. त्यांना हे चांगले ठाऊक असेल. पेट्रोलच्या टाकीचा पत्रा आधी धुऊन त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करतात. मग गंज अडवणारा प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर लाखेसारखा पारदर्शक थर देऊन भट्टीत भाजतात. हे सगळे थर मिळून जाडी भरते मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. आपल्याला जी चकाकी दिसते ती वरच्या पारदर्शक थराची. उन्हाचा मारा सोसणारी द्रव्ये त्यात कंपनीनेच घातलेली असतात. म्हणजे नवी गाडी उघड्या अंगाने आपल्या घरी येत नाही, ती अंगरखा घालूनच येते.

आता वरून मारायची कोटिंगे. बाजारात मुख्यतः चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार मेणाचा. ही वस्तू आपल्याला नवी नाही. उसाच्या कांड्यावर बोट फिरवले तर पांढरी भुकटी लागते, ते उसाचे स्वतःचे मेण. गाळपात त्यातले बरेचसे प्रेसमडमध्ये जाते. गाडीच्या मेणात बहुधा ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांचे मेण असते. दोन्हींचे काम एकच, पाणी धरू न देणे. पण कांड्यावर मेण आहे म्हणून खोडकिडा थांबतो का? नाही. गाडीवरच्या मेणाचेही तसेच आहे. पाणी, धूळ, पक्ष्यांची विष्ठा ते लवकर चिकटू देत नाही, ओरखडा मात्र अडवत नाही. ते दोन-तीन महिने टिकते, स्वस्त पडते आणि घरी लावता येते.

दुसरा प्रकार 'टेफ्लॉन'चा. हा पदार्थ १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांच्या हाती लागला. तो वितळायला सुमारे ३२७ अंश सेल्सिअस उष्णता लागते. तव्यावर तो भट्टीत भाजून पक्का बसवतात. गाडीचा रंग एवढी उष्णता सोसणारच नाही. त्यामुळे बाटलीतल्या पॉलिशमध्ये टेफ्लॉनची पूड असली तरी ती रंगाला तव्यासारखी धरत नाही. चकाकी येते ती बरीचशी सोबतच्या मेणाची आणि घासण्याची.

तिसरा प्रकार सिरॅमिकचा. यातली द्रव्ये सिलिकाच्या जातीची असतात. ती रंगावर सुकून काचेसारखा कडक थर देतात आणि मेणापेक्षा पुष्कळ जास्त टिकतात. हे खरे आहे. पण हा थर बहुधा एक-दोन मायक्रॉनचाच, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा-पाचशेवा भाग. जाहिरातीत '९ एच कडकपणा' असे लिहितात. ते माप पेन्सिलीचे आहे. सर्वांत कडक पेन्सिलीने थरावर चरा उठला नाही एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिल वेगळी आणि आपल्या रस्त्यावरची मुरमाची कच वेगळी.

चौथा प्रकार पारदर्शक फिल्मचा. ही दीड-दोनशे मायक्रॉन जाडीची, लवचिक आणि चिकटवायची असते. घासणे आणि बारीक खडे ही खरोखर सोसते. सगळ्या गाडीला लावायची तर मात्र महाग पडते.

आता आपल्या गाडीला त्रास कशाचा होतो ते बघू. शहरातल्या गाडीचे दुखणे वेगळे, उसाच्या फडातून फिरणाऱ्या गाडीचे वेगळे.

पाणंदीने जाताना दोन्ही बाजूंचा ऊस टाकीला घासतो. उसाच्या पानाची कडा करवतीसारखी असते, तिच्यात सिलिका असते, आणि वर पानावर धूळ बसलेली. सिरॅमिकचा थर काही बारीक रेघा टाळील, रोजचे घासणे थांबवणार नाही.

धुण्यासाठी आपण बोअरचे पाणी वापरतो. ते बऱ्याच ठिकाणी जड आहे. कोटिंगवर पाण्याचे गोल थेंब उभे राहतात, दिसायला छान दिसते. पण ते थेंब उन्हात वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके तिथेच बसतात. म्हणजे कोटिंग असो वा नसो, गाडी सावलीत धुऊन लगेच पुसावीच लागते.

सगळ्यांत मोठा शत्रू खताचे पोते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. क्लोराइड आणि ओलावा एकत्र आले की लोखंड झपाट्याने गंजते. पोते कॅरियरवर बांधले, शिवणीतून चार दाणे गळले, रात्री दव पडले, की काम सुरू झाले. आणि हे दाणे पडतात कुठे? कॅरियरच्या जोडात, चेनवर, रिमच्या आऱ्यांच्या मुळाशी, चेसिसच्या खालच्या वेल्डिंगवर. कोटिंगवाला हात फिरवतो तो टाकीवर आणि बाजूच्या पॅनेलवर. त्यातली पॅनेले तर पुष्कळ गाड्यांना प्लास्टिकची असतात, ती गंजतच नाहीत.

मुद्दा इथेच आहे. आपल्याकडची गाडी रंग फिका पडला म्हणून निकामी होत नाही, ती गंजाने खिळखिळी होते. आणि गंज धरतो त्या जागी कोटिंग पोचत नाही.

सभासदांना आमचे स्पष्ट मत असे. शेताच्या कामाच्या गाडीला हजारो रुपयांचे सिरॅमिक कोटिंग करू नये. जुनी गाडी विकताना तो पैसा परत येत नाही. पाच वर्षांची हमी असेल तर कागद वाचावा. ठरावीक मुदतीला त्यांच्याच दुकानात येऊन देखभाल करून घेण्याची अट त्यात अनेकदा असते, आणि ओरखडे व गंज हमीबाहेर असतात. ज्याची गाडी महागाची आहे, डांबरी रस्त्यावरच चालते, दिवसभर ऑफिससमोर उन्हात उभी राहते आणि ज्याला चकाकीची हौस आहे, त्याने जरूर करावे. हौसेला मोल नसते. फक्त त्याला बचत म्हणू नये.

त्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात.

१) टाकीच्या दोन्ही बाजूंना, जिथे गुडघा घासतो तिथे, आणि फवारणी पंप किंवा पोते टेकते त्या जागी फिल्मचे तुकडे लावून घ्यावेत. पैसा लावायचा तर इथे लावावा.

२) दोन-तीन महिन्यांनी टाकीला साधे मेणाचे पॉलिश करावे. मॅट रंगाच्या गाडीला मात्र पॉलिश लावू नये. ती जागोजागी चमकू लागते आणि रूप बिघडते.

३) पोत्याखाली जाड ताडपत्री घालावी. खत किंवा औषध वाहून आणल्यावर त्याच दिवशी कॅरियर, चेन आणि खालचा भाग पाण्याने धुवावा. चेन वाळल्यावर तिला तेल द्यावे.

४) रंगाचा टवका उडून पत्रा दिसला तर तिथला गंज काढून लगेच टचअप रंग लावावा.

५) गाडी डिझेलने पुसू नये. तासभर चमक येते, पण त्यावर धूळ बसते, रबरी भाग फुगतात, आणि ब्रेकला लागले तर जिवाशी गाठ.

६) कोणतेही पॉलिश टायर, ब्रेकची डिस्क, सीट किंवा पायदानाला लावू नये. पोरं चमकवायच्या नादात सगळीकडे फडकं फिरवतात, त्यांना बजावून सांगावे.

७) गाडी सावलीत उभी करावी. ओल्या गाडीवर प्लास्टिकचा कागद गच्च बांधू नये. आत ओल कोंडते.

धुण्यासाठी जोराचा फवारा लागत नाही, दोन बादल्या पुरतात. आधी पाणी ओतून माती भिजू द्यावी, मग मऊ कापड लावावे. कोरडी माती फडक्याने पुसली तर सगळ्यात जास्त रेघा आपल्याच हाताने पडतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आपले मांजरा धरणही कोरडे होते. ते दिवस पाहिलेल्यांना पाण्याचे मोल सांगायला नको.

शेवटी हिशेबाचे. कडुनिंबाचे आवरण असलेला युरिया आपण सगळेच वापरतो. ते आवरण कामाचे आहे, कारण नत्राचे रूपांतर सावकाश होते आणि खत वाया जाणे कमी होते. कोणत्याही आवरणाला हाच प्रश्न विचारावा, की माझे जे नुकसान होते ते हे थांबवते का? शोरूममध्ये सही करण्यापूर्वी घरातल्या पोरांसोबत एवढा विचार करावा. वाचलेल्या हजारांत माती परीक्षण, बेणेप्रक्रिया आणि गाडीचे वर्षभराचे चेनतेल भागून वर काही उरेल.