पाळी थांबली तर रक्त आत साठतं?

नाही. गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होऊन गळतं, तेव्हा पाळी येते. गर्भनिरोधकातल्या हार्मोनमुळे ते पातळच राहतं. गळायलाच फारसं काही नसतं, मग साठणार काय?

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात २८ गोळ्या असतात: २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. या ७ दिवसांतला रक्तस्राव ही नेहमीची पाळी नव्हे; हार्मोन थांबलं म्हणून तो होतो. बहुधा तो कमी असतो, पोटही कमी दुखतं. पहिले दोन-तीन महिने मधेच डाग दिसतात. गोळी विसरली तरी दिसतात.

खरी घबराट ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनची. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या या इंजेक्शननंतर सुरुवातीला रक्तस्रावाचा काही नेम नसतो. वर्षभराने साधारण निम्म्या जणींची पाळी बंदच होते. हे आधी सांगितलं नाही, तर बाई घाबरून पुढचा डोस टाळते. त्यात तिची काय चूक? इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला मात्र काही महिने जास्त लागू शकतात.

साध्या तांबीने अंगावरून जास्त जातं. हार्मोन सोडणारं गर्भाशयातलं साधन याच्या उलट. अतिरक्तस्रावावर डॉक्टर ते उपचार म्हणूनही बसवतात.

तासाला एक पॅड भिजत असेल किंवा संबंधांनंतर रक्त जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या चुकल्या आणि पाळीही आली नाही, तर आधी गर्भचाचणी करा.