बिलिंगचं क्लाउड मशीन दुपारी का दमतं? मोठं घेण्याआधी या चार गोष्टी मोजा



समजा, तुमचं मानवतला किंवा सेलूला कृषी सेवा केंद्र आहे. मृगाचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सोयाबीन-कापसाच्या बियाण्याला गर्दी झाली. बिलिंग सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे. नऊ वाजता सगळं झटपट चालतंय. पावणेबाराला मात्र स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. शेतकरी बिलाशिवाय जायला तयार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला पावती लागते. मागे रांगेतला माणूस म्हणतो, "राहू द्या, मी पलीकडच्या दुकानातून घेतो."

तुम्ही सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावता. तो एका वाक्यात सांगतो, "मशीन मोठं घ्या." म्हणजे महिन्याचं भाडं दुप्पट!

थांबा. आधी मोजा, मग खर्च करा. व्हर्चुअल मशीन म्हणजे कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरमधला तुम्ही भाड्याने घेतलेला कप्पा. तो अडकतो चार ठिकाणी: सीपीयू, रॅम, डिस्क आणि अंतर. कुठे अडकलंय ते कळलं नाही, तर मोठं मशीन घेऊनही फरक पडणार नाही. इथे उदाहरण अॅमेझॉनच्या क्लाउडचं घेतोय, पण विचार करायची पद्धत सगळीकडे तीच.

१. सीपीयू: इन्व्हर्टरची बॅटरी संपली का?

बरेच जण सुरुवातीला 'टी२.मायक्रो' सारखं स्वस्त मशीन घेतात. हे मशीन कायम पूर्ण जोराने चालण्यासाठी नसतंच. त्याचं गणित आपल्या घरच्या इन्व्हर्टरसारखं आहे. काम कमी असताना क्रेडिट जमा होतं, काम वाढलं की खर्च होतं.

आता हिशोब बघा. या मशीनला तासाला ६ क्रेडिट मिळतात आणि जास्तीत जास्त १४४ साठतात. एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट पूर्ण जोर. सलग पूर्ण जोराने चाललं तर तासाला ६० खर्च, ६ जमा, म्हणजे ५४ ची तूट. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी २ तास ४० मिनिटांत रिकामी! नऊला सुरू केलं तर अकरा चाळीसला खेळ खल्लास. मग मशीन १० टक्के वेगावर येतं. 'दुपारी दमतं' ते असं.

तपासायचं कसं? क्लाउडवॉचमध्ये 'सीपीयू क्रेडिट बॅलन्स'चा आलेख बघा. लिनक्स असेल तर 'टॉप' कमांड चालवा. त्यात 'एसटी' नावाचा आकडा दिसतो. ही आपली लालपरी नव्हे बरं का! तुमच्या मशीनला काम करायचंय, पण खालचा मोठा कॉम्प्युटर वेळ देत नाहीये, असा त्याचा अर्थ. तो आकडा मोठा दिसला की समजा, क्रेडिट संपलंय.

एक सावधगिरी. 'टी३' मशीन घेतलं तर ते मुळातच 'अनलिमिटेड' पद्धतीवर असतं. ते हळू होत नाही, पण जास्तीचा वापर बिलात येतो. तिथे रांग वाचते, खिसा नाही.

२. रॅम: टेबल लहान पडलंय का?

टी२.मायक्रोला रॅम फक्त १ जीबी. त्यात डेटाबेसही चालतो आणि सॉफ्टवेअरही. रॅम भरली की मशीन डिस्कचा आधार घेतं आणि सगळं रांगायला लागतं. लक्षात ठेवा, क्लाउडवॉच रॅमचा आकडा आपोआप दाखवत नाही, त्यासाठी वेगळा एजंट बसवावा लागतो. रॅम खरंच कमी असेल, तर मात्र मोठं मशीन घेणं योग्यच.

३. डिस्क: गोदामाचं दार अरुंद आहे का?

'टॉप'मध्येच 'डब्ल्यूए' हा आकडा बघा. तो सतत जास्त असेल तर सीपीयू डिस्कची वाट बघत बसलाय. जुनी डिस्क 'जीपी२' प्रकारची असेल तर २० जीबीला सेकंदाला फक्त १०० व्यवहारांची हमी असते, गर्दीत थोडा वेळच ती ३,००० पर्यंत जाते. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या 'जीपी३' मध्ये ३,००० ची हमी कायम, आणि दर जीबीमागे भाव २० टक्क्यांपर्यंत कमी! मशीन बंद न करता बदल होतो. तरी आधी स्नॅपशॉट घ्याच.

४. अंतर: मशीन आहे कुठे?

मशीन चुकून अमेरिकेत बनवलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे एक फेरी जाऊन-येऊन साधारण २०० मिलीसेकंद. एका बिलाला अशा २० फेऱ्या झाल्या तर ४ सेकंद नुसते प्रवासात. अॅमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं तर पुण्यात आहे. मशीन जवळ आणा. आणि हो, एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवून बघा. तिथे फास्ट चाललं तर दोष मशीनचा नाही, दुकानातल्या लाइनचा आहे.

फुकटातले दोन उपाय

पहिला, स्टॉक रिपोर्ट आणि बॅकअप गर्दीत चालवू नका, रात्री लावा. दुसरा, सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, "ग्राहकाच्या नावावर, मोबाइल नंबरवर इंडेक्स आहे का?" उधारीच्या वहीला अनुक्रमणिका नसेल तर प्रत्येक वेळी पहिल्या पानापासून शोधावं लागतं ना? डेटाबेसचंही तसंच.

तरीही मोठं लागलं तर?

घ्या, पण फक्त हंगामापुरतं. रात्री मशीन बंद करा, प्रकार बदला, चालू करा. स्थिर आयपी आधी घेऊन ठेवा, नाहीतर पत्ता बदलतो आणि सकाळी काउंटर बंद. पेरण्या आटोपल्या की पुन्हा लहान मशीनवर या. स्वस्त पडतं म्हणून वर्षाचा करार लगेच करू नका. एक हंगाम मोजा, मग करा.

या आठवड्याचा गृहपाठ: एक वही घ्या. तीन दिवस सकाळी १०, दुपारी १२ आणि संध्याकाळी ५ वाजता चार आकडे लिहा: क्रेडिट बॅलन्स, मोकळी रॅम, 'डब्ल्यूए' आणि एक बिल निघायला लागलेले सेकंद. पुढच्या वेळी कुणी "मशीन मोठं घ्या" म्हणालं, की ही वही त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, "यातलं नेमकं काय कमी पडतंय?"