पेण-रोह्यावरचं संशोधन पेण-रोह्यात वाचता यावं

पेणच्या खारजमिनी, रोह्याची कुंडलिका, धाटावचे रासायनिक कारखाने, डोंगरातल्या कातकरी वाड्या हे सगळे अभ्यासाचे विषय आहेत. पण ज्यांच्या जगण्यावर पेपर लिहिला जातो, त्यांना तो उघडायला पैसे मोजावे लागतात. यावर साधा उपाय आहे: जर्नलने स्वीकारलेल्या पेपरची प्रत लेखकाने स्वतः खुल्या रिपॉझिटरीत, म्हणजे संशोधनाच्या ऑनलाइन भांडारात, ठेवायची. आड येतात ते गैरसमज.

गैरसमज: ओपन ॲक्सेस, म्हणजे पेपर सर्वांना मोफत खुला करणं, याचा अर्थ पैसे भरून पेपर छापणं.
वस्तुस्थिती: काही जर्नल लेखकाकडून भरमसाट शुल्क घेतात, हे खरं. पण आपली प्रत रिपॉझिटरीत ठेवायला छदामही लागत नाही. 'सर्न' या संस्थेची 'झेनोडो' ही रिपॉझिटरी 2013 पासून जगभरातल्या संशोधकांना मोफत खुली आहे.

गैरसमज: कॉपीराइट प्रकाशकाला दिला, आता आपल्या हाती काही नाही.
वस्तुस्थिती: पेपरच्या तीन प्रती असतात. पहिली, आपण पाठवलेला मसुदा. दुसरी, परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारलेली आणि स्वीकारली गेलेली वर्ड फाईल. तिसरी, प्रकाशकाने मांडणी केलेली पीडीएफ. बहुतेक मोठे प्रकाशक दुसरी प्रत खुली करू देतात. अनेकदा ठरावीक महिने थांबावं लागतं. तिसरीला सहसा परवानगी नसते. अशाच पीडीएफवरून 'रिसर्चगेट' या संशोधकांच्या संकेतस्थळाला 2017 मध्ये जर्मनीत कोर्टाची पायरी चढावी लागली. म्हणून जर्नलचा नियम आधी वाचावा आणि ती वर्ड फाईल जपून ठेवावी.

गैरसमज: प्रबंध 'शोधगंगा'वर गेला, काम झालं.
वस्तुस्थिती: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2009 च्या नियमांमुळे पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर येऊ लागले. ही मोठी सोय आहे. पण पदवीनंतर लिहिलेले पेपर तिथे आपोआप जात नाहीत. ते लेखकालाच खुले करावे लागतात.

गैरसमज: 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आल्यावर याची गरज उरली नाही.
वस्तुस्थिती: नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने जर्नलच्या एकत्रित वर्गणीच्या या योजनेला तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर केले. सुमारे 13,000 जर्नल त्यात आहेत. मात्र लाभ मिळतो तो सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांतल्या विद्यार्थी-प्राध्यापकांना. वाशी-वडखळचा शेतकरी, धाटावचा कामगार, स्थानिक पत्रकार त्या दाराबाहेरच राहतात.

केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांचं 2014 चं धोरण सांगतं की, त्यांच्या निधीतून झालेला पेपर स्वीकारला गेल्यावर दोन आठवड्यांत रिपॉझिटरीत जमा करावा. निधी कुणाचाही असो, हीच सवय लावून घ्यावी. 'ॲक्सेप्ट' झाल्याचा मेल आला की त्याच आठवड्यात प्रत जमा करा (जर्नलने थांबायला सांगितलं असेल, तर ती मुदत संपल्यावर खुली करा), आणि सोबत मराठीत एक पानभर सारांश जोडा.