दीडशे पानांचा श्रावण

मराठी कादंबरीचं खरं बळ दीड-दोनशे पानांत आहे, असं मी गेली कित्येक वर्षं बोलत आणि लिहीत आलो आहे. चर्चासत्रांत त्यावरून वाद घातले, प्रस्तावनांमध्ये तेच मांडलं, एक-दोन स्नेह्यांशी त्यापायी अबोलाही धरला. यंदा श्रावण लागला तेव्हा ठरवलं की महिनाभर कथा-कादंबऱ्यांशिवाय काही हातात धरायचं नाही, आणि जुन्या-नव्या मिळून जमतील तितक्या लघुकादंबऱ्या सलग वाचायच्या. श्रावणात पोथी लावायची आमच्या घरची रीत होती. अध्याय सुरू झाला की आजी तो संपेपर्यंत जागची हलायची नाही. लघुकादंबरीला असाच वाचक लागतो. ती एका बैठकीची असते, फार तर दोन.

आधी जे उरकायचं ते उरकून घेतो. महिन्याच्या सुरुवातीला भेट म्हणून आलेल्या जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या. दरबार, मसलती, घोड्यांच्या टापा आणि ज्याच्या त्याच्या तोंडी भाषण. लेखकानं जमवलेला प्रत्येक कागद कुठे ना कुठे घातलेला. काही अनुवादित रहस्यकथाही झाल्या. त्यांच्याविषयी सांगण्याजोगं काही नाही.

मग विश्राम बेडेकरांची 'रणांगण' काढली. १९३९ सालची ही कादंबरी आजही शंभर-सव्वाशे पानांच्या आसपासच भरते. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणारी एक बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि मुंबईला परतणारा चक्रधर. बोटीवरचे ते मोजके दिवस आणि त्यात मावलेलं सगळं युद्धपूर्व जग. मराठी माणसानं मराठी मुलखाबाहेर जाऊन लिहिलेलं इतकं घट्ट काही पुढे फारसं झालं नाही. बेडेकरांनी यात आणखी दोनशे पानांचा युरोप घातला असता, तर त्या बोटीतली कोंडी नाहीशी झाली असती.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. १९५५ ते १९७१ या सोळा वर्षांत मराठी लघुकादंबरीत जे घडलं, ते सलग वाचल्याशिवाय नीट दिसत नाही. बोली आधी संवादात होती, तिथून ती निवेदनात आली, आणि कादंबरी कुणी सांगायची हा हक्कच बदलला.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. औंध संस्थानातला पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर रुजू व्हायला निघतो, इथून ती सुरू होते आणि दुष्काळात वाडी उठून जाते तिथे संपते. पोरं शाळेत येत नाहीत, कारण ती शाळेत बसली तर मेंढरं राखायची कुणी? कारभारी मास्तरच्या पाठीशी उभा राहतो, मग मनात संशय धरून दूर होतो. गाव अंगमेहनतीनं तालीम बांधतं आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. शेकूकडे एकच बैल आहे, तर दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको स्वतःला जुंपून घेते. हा प्रसंग माडगूळकरांनी असा सांगितला आहे की त्यात एक उसासा नाही, लेखकाची टिपणी नाही. जे दिसलं ते सांगितलं आणि पुढे गेले. आजच्या लेखकानं इथे पानभर कळवळा काढला असता आणि तो प्रसंग हातचा घालवला असता. मात्र सांगणारा मास्तर शिकलेला आहे, त्यामुळे निवेदन स्वच्छ प्रमाण मराठीत आणि बोली फक्त वाडीवरच्या माणसांच्या तोंडी.

पाच वर्षांनी, १९६०मध्ये, उद्धव शेळक्यांची 'धग' आली. इथेही निवेदन प्रमाण भाषेतच, पण संवादांतली वऱ्हाडी अशी की पुस्तक मिटल्यावरही कौतिकचा आवाज कानात राहतो. महादेव शिंपी स्वभावानं ढिला, संसाराचं जू कौतिकच्या मानेवर. ती गाव बदलते, मोलमजुरी करते, पोरांकडे बघून दिवस काढते. आणि एक गोष्ट सावरावी तर दुसरी कोसळते. महादेवाला महारोग होतो तिथून पुढची पानं वाचताना मी या खेपेलाही पुस्तक बाजूला ठेवलं आणि थोडं फिरून आलो. शेळके कौतिकला देवी करत नाहीत. ती चिडते, कडू बोलते, नवऱ्याला टोचते. म्हणून ती खरी वाटते. मराठीतल्या बायकांची व्यक्तिचित्रं म्हणून जी नावं अभ्यासक्रमांत वर्षानुवर्षं घोकली जातात, त्यांतल्या बहुतेकांच्या आधी कौतिकचं नाव यायला हवं.

आणि मग १९७१. एकाच वर्षी दोन कादंबऱ्या आल्या, आनंद यादवांची 'गोतावळा' आणि रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा'. दोन्ही प्रथमपुरुषी आणि दोन्ही अथपासून इतिपर्यंत बोलीत. 'गोतावळा' सांगणारा नारबा हा मळ्यावरचा गडी. बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. लग्नाची आस आहे, पण गड्याला मुलगी कोण देणार? मालक ट्रॅक्टर घेतो आणि एकेक जनावर दावणीवरून जायला लागतं. यादवांनी इथे लेखकाला बाहेर उभं राहायला जागाच ठेवली नाही. यांत्रिकीकरण, बदलतं ग्रामजीवन, असले शब्द नारबाजवळ नाहीत. त्याच्याजवळ आहे ती रिकामी होत चाललेली दावण. ग्रामीण भागातल्या आर्थिक बदलांवर त्या काळात जे ढीगभर लिहिलं गेलं, त्यांतलं किती आज वाचवतं? 'गोतावळा' मी या श्रावणात दुपारी जेवण झाल्यावर हातात घेतली आणि दिवेलागणीला ठेवली.

'पाचोळा'त सांगणारी पार्वती आहे, गावातल्या गंगाराम शिंप्याची बायको. नवरा ताठ, गावातल्या बड्या मंडळींपुढे मान तुकवायला तयार नाही आणि त्या ताठपणाची किंमत घर चुकवतं. पार्वती हे सगळं मराठवाड्याच्या बोलीत सांगते, चुलीपुढे बसून शेजारणीला सांगावं तसं. तिला नवऱ्याचा राग येतो आणि त्याच वाक्यात त्याचा अभिमानही असतो. कॉलेजात असताना मी ही कादंबरी आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानात बसून मोठ्यानं वाचली होती. तो काजं करता करता ऐकायचा. गिऱ्हाईक आलं की मला हातानं थांबवायचा आणि ते गेलं की कुठवर आलो होतो ते मला तोच सांगायचा. शेवटच्या दिवशी त्यानं मशीनचं झाकण लावलं, पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "हे लिवणाऱ्याच्या घरात मशीन असनार बगा." माझ्या लेखी 'पाचोळा'चं याहून नेमकं परीक्षण कुणी केलेलं नाही.

दोन कादंबऱ्यांत दोन शिंपी, एक वऱ्हाडातला आणि एक मराठवाड्यातला. तिसरीत गडी, चौथीत मास्तर. या सगळ्या लघुकादंबऱ्या एखाद्या कामाला घट्ट धरून उभ्या आहेत, ही गोष्ट मला या महिन्यात फार जाणवली. माणूस पोटासाठी काय करतो, ते काम हातून सुटायला लागलं की घरात काय होतं, एवढंच त्या सांगतात, आणि त्यातून अख्खं गाव दिसतं.

आमच्याकडे समीक्षकांचा एक पंथ आहे, त्याला हे मान्य नाही. लघुकादंबरी म्हणजे ताणलेली कथा, असं तो म्हणतो. मोठा पट, अनेक पिढ्या, शेकडो पात्रं असल्याशिवाय त्यांना ती कादंबरी वाटत नाही. मी त्यांना दर वेळी एकच विचारत आलो आहे: 'बनगरवाडी'त काळ जातो की नाही? वाडी वसलेली, बहरलेली आणि उठलेली, तिन्ही अवस्थांत आपण तिला पाहतो. कथेला हे करता येत नाही, करायचीही गरज नसते. कथा एका क्षणावर उभी राहू शकते. लघुकादंबरीत ऋतू पालटावे लागतात, माणसं थकावी लागतात. हे ज्यांना पानं मोजल्याशिवाय कळत नाही, त्यांच्याशी वाद घालायची माझी अजूनही तयारी आहे. याच पंथातले काही जण बोलीतली कादंबरी शहरी वाचकाला कळत नाही असंही म्हणतात. दहा पानं धीर धरला तर कळते. पुढची सगळी पानं मग आपोआप वाचली जातात.

हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) या यादीत फार कमी वेळा येते, याचं मला कायम वाईट वाटतं. दलवाई म्हटलं की लोकांना समाजसुधारक आठवतो, कादंबरीकार आठवत नाही. कोकणातल्या आपल्या गावी बऱ्याच वर्षांनी परतलेला मुसलमान नायक आणि हळूहळू पेटत गेलेलं गाव. दंगल आकाशातून पडत नाही, ती गावातल्या जुन्या देण्याघेण्यांतून, जातीपातींतून, चोरट्या संबंधांतून कशी साठत जाते हे दलवाई कुणाचीही बाजू न घेता दाखवतात. आज प्रत्येक महाविद्यालयात ही कादंबरी वाचली जायला हवी.

गौरी देशपांडे यांचा 'एकेक पान गळावया' (१९८०) हा तीन दीर्घकथांचा संग्रहही पुन्हा वाचला. गावाशी काही संबंध नाही, शहरं आणि परदेश, शिकलेली बाई आणि तिचा मोकळा, धारदार आवाज. पण पानांचा तोच नेमकेपणा. 'कारावासातून पत्रे' वाचताना जाणवलं की चाळीसहून अधिक वर्षांत आपल्या नायिका पगारानं आणि पदानं वाढल्या, गौरीबाईंच्या नायिकेइतकं सरळ बोलायला मात्र अजून कचरतात. मिलिंद बोकिलांची 'समुद्र' याच वाटेवरची: एक जोडपं, समुद्रकाठचे दोन दिवस आणि बोलणं. बोकिलांनी हा आकार सातत्यानं सांभाळला, त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजेत.

हा आकार जगवला कुणी? दिवाळी अंकांनी. का. र. मित्रांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. पुढे या अंकांमध्ये अख्खी कादंबरी छापायची प्रथा रुजली. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दिवाळी अंकांची योजना असायची. वर्गणी भरायची आणि पाडव्यापासून एकेक अंक घरी न्यायचा. खाकी कव्हर घातलेले ते अंक होळीपर्यंत फिरायचे, आणि ज्या अंकात संपूर्ण कादंबरी असेल त्याची पानं आधी सुटायची. आज संपादकांचा निरोप येतो: दोन हजार शब्दांत बसवा. कथेला तेवढे, लेखाला तेवढे, मुलाखतीला त्याहून जास्त. ऐंशी पानं एका नव्या लेखकाला द्यायची हिंमत फार थोडे संपादक दाखवतात; त्यांच्या अंकाची मी दर वर्षी वाट बघतो. दुसऱ्या बाजूला प्रकाशकांना पाठीवर नाव ठसठशीत दिसेल इतकं जाड पुस्तक हवं असतं. दोहोंच्या मधे लघुकादंबरी सापडली आहे.

तरीही ती लिहिली जाते. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मला घरचं कार्य पार पडल्यासारखा आनंद झाला होता. श्रावणाच्या शेवटी ती पुन्हा वाचली. धरणानं उठवलेली माणसं, मागे रानात राहून गेलेली म्हैस आणि तिला आणायला परत निघालेला देवाप्पा. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'नं (१९९१) धरणग्रस्तांचा प्रश्न मोठ्या पटावर मांडला होता, त्याचं मोल मी कधी नाकारलं नाही. खोतांनी तो सगळा पट एका माणसात आणि एका जनावरात आणला. नारबाची दावण आणि देवाप्पाची म्हैस यांत पन्नास वर्षांचं अंतर आहे, पण सांगणं एकाच जातकुळीचं.

असं लिहिणारी तरुण मुलं माझ्याकडे अधूनमधून येतात, पिशवीत बाड घेऊन. गेल्या महिन्यात हिंगोलीकडचा एक जण आला होता. वीटभट्टीवरच्या कुटुंबाची गोष्ट, बोलीत लिहिलेली, जेमतेम एकशे तीस पानं. एका प्रकाशकानं त्याला सांगितलं होतं की यात आणखी दीडशे पानांचा मजकूर घाला, मग बघू. तो मला विचारत होता, काय घालू? मी बाड ठेवून घेतलं, रात्रीत वाचलं आणि सकाळी त्याला फोन केला: काही घालू नकोस, फक्त तिसऱ्या प्रकरणातलं ते भाषण काढ.