राज्याभिषेकाचा दुभाष्या

रायगडावरील राज्याभिषेकास हेन्री ऑक्झेंडेन हा इंग्रज वकील हजर होता, हे आपण शाळेत वाचलेले असते. परंतु त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नारायण शेणवी या गृहस्थाची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

नारायण शेणवी हा मुंबईकर इंग्रजांचा दुभाष्या. मे १६७४ मध्ये ऑक्झेंडेन निघाला, त्यापूर्वीच तो रायगडी जाऊन बोलणी करून आला होता. काम नाजूक होते. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. त्याचे प्रायश्चित्त म्हणून १६६१ मध्ये त्यांची राजापूरची वखार लुटली गेली. आता त्यांना हवी होती भरपाई आणि व्यापाराची मोकळीक!

६ जून १६७४ ची सकाळ. महाराज सिंहासनावर विराजमान. ऑक्झेंडेनने दुरूनच लवून मुजरा केला. एवढ्यात नारायणने नजराण्याची हिऱ्याची अंगठी हात उंचावून धरली. महाराजांची दृष्टी तिकडे वळली आणि वकिलास थेट सिंहासनाच्या पायथ्याशी बोलावणे आले!

पुढे तह झाला. भरपाईचे कलम मान्य झाले. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत देण्याचे मात्र महाराजांनी साफ नाकारले. तो प्रसंग आज आपल्याला दिसतो तो ऑक्झेंडेनच्या रोजनिशीमुळे. दुभाष्याचे नशीबच असे: दोन्ही बाजूंनी ऐकावे त्याचे, आणि नाव राहावे दुसऱ्याचे.