मोटारसायकलीचा दिवा आणि रात्रीचा रस्ता

सूर्य मावळला म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील रस्त्यांचें रूप पालटतें. सोलापुराहून तुळजापूर, धाराशिव व येडशीवरून बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग असो, कीं कळंब, भूम, परांडा ह्या बाजूचीं गांवें जोडणारा अरुंद डांबरी रस्ता असो, वस्ती मागें पडली कीं दुतर्फा काळोख पसरतो. गाळपाच्या दिवसांत उंसानें लादलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ह्याच रस्त्यांनीं रात्रीं चालतात; कित्येकांच्या मागें तांबडा दिवा नसतो व चमकणारी पट्टीहि नसते. कोजागिरीच्या सुमारास सोलापुराकडून तुळजापुरास पायीं जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचे वडील व वडीलबंधु ह्याच वाटांनीं रात्रीं मोटारसायकलीवरून घरीं येतात. तेव्हां गाडीच्या दिव्याचा विचार हा केवळ यंत्राचा विचार नव्हे. तो घरोघरच्या काळजीचा विषय आहे.

उजेड अपुरा वाटूं लागला म्हणजे पुष्कळ जण बाजारांतून अधिक वॉटचा बल्ब आणून बसवितात. हा उपाय दिसतो तितका सरळ नाहीं, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रथम उजेड किती लांब पोंचला पाहिजे तें पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते. अडथळा दिसून ब्रेक दाबीपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तेवढ्यांतच सरतात. पुढें गाडी थांबण्यास आणखी तितकेंच अंतर लागतें. म्हणजे पुढची बैलगाडी निदान ५० मीटरांवरून दिसली पाहिजे. वेग ताशीं ४० किलोमीटर ठेवला, तर हेंच अंतर २७ मीटरांच्या आसपास येतें.

आतां दिव्याची रचना पाहूं. लहान मोटारसायकलींत बहुधा १२ व्होल्टचा व ३५ वॉटचा हॅलोजन बल्ब असतो. त्याच्या आंत टंगस्टन धातूच्या दोन बारीक तारा असतात. एक दूरच्या उजेडाची, म्हणजे अप्परची, व दुसरी जवळच्या उजेडाची, म्हणजे डिपरची. डिपरच्या तारेखालीं धातूची एक लहानशी वाटी असते. तिच्यामुळें उजेड आरशाच्या वरच्या भागावरच पडतो व तेथून परतून रस्त्याकडे खालीं वळतो. तार ठरल्या जागेवरून किंचित् हलली तरी ही व्यवस्था बिघडते. म्हणून उजेड किती निर्माण झाला ह्याइतकेंच तो कोठें पडला हेंहि महत्त्वाचें आहे.

३५ वॉटच्या जागीं १०० वॉटचा बल्ब बसविला, तर सुमारें ३ अँपिअरऐवजीं ८ अँपिअरांहून अधिक प्रवाह वाहतो. मूळच्या बारीक तारा, बटण व बल्बचें होल्डर तेवढ्यासाठीं केलेलें नसतें. तें तापतें, वितळतें, आरशाचा मुलामा उष्णतेनें काळवंडतो, बॅटरी उतरते. कांहीं दिवसांनीं उजेड पूर्वीपेक्षांहि कमी पडतो, किंवा दिवा ऐन वाटेंत विझतो.

एल. ई. डी. बल्ब कमी वॉटमध्यें अधिक उजेड देतो हें खरें. परंतु हॅलोजनसाठीं घडविलेल्या आरशांत त्याचे प्रकाशकण मूळ तारेच्या नेमक्या जागीं आले नाहींत, तर उजेड चोहोंकडे फांकतो. स्वारास समोर लख्ख दिसल्याचा भास होतो. पण तो उजेड जवळच सांडलेला असतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. शिवाय कांहीं जुन्या गाड्यांत दिव्यास बॅटरीचा प्रवाह न मिळतां इंजिनावर फिरणाऱ्या मॅग्नेटोचा मिळतो. तेथें असा बल्ब लुकलुकतो वा लवकर जळतो. ज्या नव्या गाड्यांत मुळांतच एल. ई. डी. दिवा असतो, त्यांचा आरसाहि त्यासाठींच घडविलेला असतो. तेथें ही अडचण नाहीं. गाडीची मूळ घडण परस्पर बदलण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेंहि बंधन घातलें आहे.

मग करावें काय? आमच्या मतें क्रम असा असावा. प्रथम काच आंतून बाहेरून पाहावी. धूळ, चिखल व चिलटें बसलेल्या काचेमागें उत्तम बल्बहि निरुपयोगी होय. दुसरें, विजेचा दाब तपासावा. गंजलेल्या जोडांमुळें बल्बपाशीं दाब दहांत एक भागानें उतरला, तर हॅलोजनचा उजेड सुमारें तीन दशांश घटतो. जोड घांसून घ्यावे. मिस्त्रीकडून बॅटरीपासून जाड तार व रिले घालून घेतल्यास त्याच बल्बचा उजेड पुष्कळदां खुलतो. तिसरें, बल्ब बदलणें तो गाडीबरोबरच्या पुस्तकांत दिलेल्या जातीचा, तितक्याच वॉटचा व चांगल्या बनावटीचा घ्यावा. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशांत बनणाऱ्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालूं असेतों जळतच राहतो. म्हणून तो झिजतोहि लवकर. हॅलोजनच्या कांचेस उघडें बोट लावूं नये. बोटांचें तेल लागलेली जागा अधिक तापून बल्ब फुटण्याचा संभव असतो.

चौथी गोष्ट दिव्याच्या रोखाची, व ती विद्यार्थ्यांनीं वडिलांसह घरींच करून पाहावी. सपाट जागीं भिंतीपासून १० मीटरांवर गाडी उभी करावी व नेहमींचा स्वार तीवर बसवावा. कारण मागें ओझें बसतांच दिव्याचें तोंड वर होतें. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ ओढावी. डिपरच्या उजेडाची वरची कड रेघेखालीं १० ते १५ सेंटिमीटर असावी. दिवा ९० सेंटिमीटर उंच असेल व कड १० मीटरांत १५ सेंटिमीटर उतरत असेल, तर ती ६० मीटरांवर रस्त्यास टेकते. वर हिशेब केलेल्या ५० मीटरांस तें पुरतें. कड रेघेच्या वर गेली, तर तो उजेड रस्त्यास कधींच टेकणार नाहीं. तो समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. दिव्यामागचा स्क्रू किंचित् फिरविला कीं हें साधतें, व त्यास एक पैहि लागत नाहीं.

इतकें करूनहि वाहन समोर येतांच डिपर देणें व उजेडाच्या मानानें वेग आवरणें हें स्वाराच्याच हातीं राहतें. आपल्या उजेडानें समोरचा क्षणभर आंधळा झाला, तर तोच आपल्या अंगावर येण्याचा धोका असतो. आपला रस्ता आपणांस दिसावा आणि दुसऱ्याचा रस्ता त्यास दिसत राहावा, असा दिवा तोच चांगला दिवा. पालकांनीं येत्या रविवारीं सायंकाळीं खडू व फडकें घेऊन मुलांसह अर्धा तास ह्या कामीं घालवावा, अशी आमची विनंति आहे.